चातुर्मासातली बालवाडी

माझ्या मुलीला बालवाडीत घालावे, असा निर्णय मी गेल्या कार्तिकात घेतला. ती आषाढापासूनच तिथे जात होती, या गोष्टीने निर्णयाच्या शास्त्रीय मूल्याला काही बाध येतो असे मला वाटत नाही. सूर्य उगवून गेल्यावर कोंबड्याने आरवू नये, असा दंडक कोणत्याही स्मृतीत सांगितलेला नाही.

मुलीचे नाव आन्वीक्षिकी. तर्कविद्येचे हे प्राचीन नाव सबंध बाभुळगावात दुसऱ्या कोणाचे नसेल अशी माझी खात्री होती, आणि पाळण्याभोवती जमलेल्या बायकांच्या चेहऱ्यांनी ती दृढच केली. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. माझी बहीण दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा रडकुंडीला आली, तेव्हा माझ्या आईने, मैनाबाईंनी, तिला बाजूला सारले, पाळण्यात वाकून "आनी" एवढेच म्हटले आणि घुगऱ्या वाटायला घेतल्या. तेव्हापासून पूर्ण नाव मी एकटाच उच्चारतो. नाव ठेवण्यामागचा हेतू हाच असावा, असे माझी पत्नी कोकिळा म्हणते.

नागपुरात मी काही वर्षे संस्कृत शिकवत होतो. प्राचीन भारतातील बालशिक्षणाच्या आरंभकाळावर माझा प्रबंध तिथल्या परीक्षकांकडे गेला. त्यांपैकी एकाने तो वाचला असावा असा मला संशय आहे, कारण सर्वांत वाईट अभिप्राय त्याचाच होता. मी राजीनामा वरिष्ठांच्या तोंडावर फेकला. तो इतक्या तत्परतेने झेलला गेला की जणू हात आधीपासून पसरूनच ठेवले होते. मग मी गावी आलो. इथे धाकटा भाऊ शेती पाहतो आणि मी शेतीकडे पाहतो. कपाशी, तूर आणि माझे ग्रंथ या तीन वस्तू घरात सारख्याच जागा अडवतात. फरक एवढाच की पहिल्या दोन दरवर्षी बाजारात जातात.

विद्यार्थी संपले होते. आनी उरली होती. ती बोलू लागली त्या दिवसापासून सकाळी माझ्या मेजाखाली सतरंजीवर बसे आणि मी वर बसून तिला जगाची मांडणी समजावून देत असे. ज्यांनी माझा प्रबंध परत केला त्यांच्या हयातीतच माझ्या हाताखाली तयार झालेली विदुषी उभी राहील आणि त्यांना निरुत्तर करील, असा माझा बेत होता. विदुषी तेव्हा तीन वर्षांची होती आणि सतरंजीची दशी चोखत असे. परंतु ती ऐकत होती. नागपुरात इतके लक्षपूर्वक मला कोणी ऐकले नव्हते, आणि म्हणून या श्रोत्यास दुसरीकडे कोठे पाठवावे असे मला वाटत नव्हते. हे वाक्य मी आता इतक्या सरळपणे लिहितो आहे. तेव्हा त्याला बरीच अवतरणे जोडलेली होती.

आनी माझ्याशी बोलत असे ती माझ्याच भाषेत. तिची भाषा शुद्ध होती. तिला तहान लागली की "तात, मजला जल हवे," असे ती म्हणे. माझे डोळे भरून येत. कोकिळेचेही येत, पण कारण वेगळे असे.

आषाढाच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या गल्लीतली पोरे चिखलात लगोरी मांडून खेळत होती. आनी ओट्यावरून उतरली, त्यांच्यापाशी गेली आणि तिने विचारले, "मी तुमच्या क्रीडेत येऊ का?" पोरांनी एकमेकांकडे पाहिले. शाळा तपासायला साहेब आल्यावर होते तशी पांगापांग झाली. एकजण जाता जाता म्हणाला, "पोथीतली पोरगी आली रे." आनी त्या चिपांच्या ढिगापाशी एकटीच उभी राहिली. मग तिने एक चीप उचलून दुसरीवर ठेवली आणि चिपांशीच काहीतरी बोलू लागली.

कोकिळा दारातून हे पाहत होती; मला ते पुढे तिच्याकडूनच कळले. संध्याकाळी मला वाढता वाढता तिने विषय काढला.

"आनीले बालवाडीत टाकू काय?"

"बालवाडी म्हणजे नेमके काय?"

"ब्लॉकची हाय, सरकारी. कापसाच्या जिनिंगच्या मांगच्या खोलीत भरते. वणीची एक बाई आली शिकवाले, बेबीताई म्हनून. शकुबाई सकाळी घरोघरी जाऊन पोरं गोळा करते. तांड्यावरची बी येतात."

"प्रश्न वरून स्थूल दिसतो, पण सूक्ष्म आहे."

"हो काय. मंग कवा सांगता?"

"विचार करावा लागेल."

"करा. पोरगी म्हातारी व्हायच्या आंधी सांगा म्हंजे झालं."

आईने तिथल्या तिथे आपली परीक्षा घेऊन टाकली. आनीचा उजवा हात तिने डोक्यावरून पलीकडे नेला आणि डाव्या कानाला लावू पाहिला. बोटे कानाच्या बरीच अलीकडे राहिली. "कानाले पुरत नाही अजून," आई म्हणाली, "पन पोट्टीले कोठं पहिलीत बसवाचं हाय? बालवाडीच त हाय. जाऊ दे न बापा." या अडाणी मोजमापाबद्दल मला वाटलेली तुच्छता मी लपवली नाही. माणसाची ज्ञानाची सिद्धता त्याच्या हाताच्या लांबीने मोजणारा समाज स्वतंत्र होऊन चौदा वर्षे झाली तरी तसाच आहे, असे मी म्हणालो. आई म्हणाली, "तुया हात त लवकरच पुरला होता. काय झालं?"

मी स्वतःचे निकष ठरवले. मुलाची वाणी स्थिर झाली आहे काय; ते स्वजनांपासून अलग राहू शकते काय; अपरिचितांमध्ये ते आपले स्वत्व टिकवू शकते काय. आषाढातल्या त्या दिवसांत मी आनीचे निरीक्षण केले आणि दुसऱ्या निकषावर ती नापास झाली. मी खोलीबाहेर निघालो की ती माझ्या धोतराचा सोगा धरून ठेवी.

"सोगा तुमीच तिच्या हातात देता," कोकिळा म्हणाली.

हे निरीक्षण मी नोंदले नाही. आणखी एक गोष्ट तिथे होती, जी मी निकषांत लिहिली नव्हती. जातिभेदाचा निषेध करणारे माझे लेख ज्यांनी वाचले असतील (संपादकांनी वाचले असावेत) त्यांना माझी मते ठाऊक आहेत. एका पंक्तीला माझा तत्त्वतः पूर्ण पाठिंबा आहे. परंतु त्या पंक्तीत आन्वीक्षिकी बसणार आणि उठताना तिची विभक्ती बदललेली असणार, ही शक्यता तत्त्व मांडताना माझ्या ध्यानात आलेली नव्हती. चौथे वर्ष हा काळ अपक्व आहे, असा माझा निष्कर्ष निघाला. पाचवे संपल्यावर विद्यारंभ मी स्वतः करीन, असे मी जाहीर केले. कोकिळा काही बोलली नाही. तिचे मौन मी संमती म्हणून नोंदले.

चारच दिवसांनी आषाढी एकादशी आली. आमच्या घराची रीत अशी की त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने देवापुढे सुपारी ठेवून चातुर्मासाचा एक नेम घ्यायचा. नेम उघड घेता येतो, मनातही घेता येतो. मनातला नेम कोणाला सांगितला तर त्याचे पुण्य सांडते, असे मानतात. आईने वांगे आणि कांदा सोडला. मी मौन घेतले: सकाळच्या स्नानापासून दुपारच्या जेवणापर्यंत एक शब्द बोलायचा नाही. अभ्यासाला हे सोयीचे होते, आणि माझ्या मौनाने गावाचे काय नुकसान होते ते गावाला एकदा कळावे, असाही एक सूक्ष्म हेतू होता.

कोकिळेने सुपारी ठेवली. "माझा नेम मनातला हाय," ती म्हणाली. "रोज सकाळी आनीले घेऊन जावं लागन. चालन काय?"

या प्रश्नाने मला झालेला आनंद आज आठवला की अंगावर काटा येतो. पत्नीच्या व्रताला पतीची अनुमती लागते. अनुमती देताना व्रताचे स्वरूप विचारल्यास गुप्ततेचा भंग होतो. आणि एकदा दिलेली अनुमती व्रत पूर्ण होईपर्यंत मागे घेता येत नाही, हे तिन्ही मुद्दे मी तिला आधारांसह समजावून सांगितले. ती इतक्या एकाग्रतेने ऐकत होती की लग्नानंतर मला प्रथमच तिच्याविषयी विद्वत्तेच्या बाजूने आशा वाटली.

"म्हंजे मधातच तुमी नाही म्हनू शकत नाही?"

"मी काय, प्रत्यक्ष माझे वडील स्वर्गातून उतरले तरी म्हणू शकत नाहीत."

"बरं," ती म्हणाली आणि सुपारीला हळदीकुंकू वाहिले. मी अनुमती दिली. संस्कृतात दिली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी स्नान झाले की मी खोलीत जाई, दार लावून घेई आणि दुपारी जेवायला बाहेर येई. मेजाखालची सतरंजी रिकामी असे. कोकिळा पोरीला घेऊन कोणत्या तरी देवळात प्रदक्षिणा घालत असेल, एवढे मी धरून चाललो. शंका आली असती तरी विचारणार कसा? सकाळी मी मौनात असे, आणि दुपारी विचारणे शास्त्राविरुद्ध होते. स्वतःच्या हाताने इतका पक्का तुरुंग बांधून त्यात इतक्या समाधानाने बसलेला माणूस या तालुक्यात दुसरा नसेल.

पुरावे नव्हते असे कोणी म्हणू नये. रोज दुपारी ते माझ्या पानासमोर येऊन बसत. आनीचे पाय गुडघ्यापर्यंत मातीने भरलेले असत. ओठांवर पांढरी रेघ असे. ब्लॉककडून येणारे भुकटीचे दूध बालवाडीत मिळते हे सबंध गावाला ठाऊक होते, मी ती रेघ तीर्थप्रसादाची मानली. श्रावणात एके दिवशी तिने मला "भाजी मले नको" असे सांगितले. मी घास खाली ठेवला.

"हे कोठून आले?" मी आईला विचारले.

"काय आलं?"

"मले."

"मी बोलतो तसं बोलली त काय बिघडलं? तुले याच भाषेत वाढवलं मी. मुका नाही राह्यला तू."

मी दुपारभर त्यावर विचार केला आणि भूमीचा भाषेवर होणारा सूक्ष्म परिणाम असा एक सिद्धान्त मांडला. मूल मातीवर चालते, त्या मातीतून प्रत्यय त्याच्या अंगात शिरतात, अशा अर्थाचे काहीतरी त्यात होते. पुढे आनी आपल्या आईला "याडी" म्हणून हाक मारू लागली, तेव्हा तांड्यावरची बंजारी माणसे आईला तसे म्हणतात हे मला माहीत होते. सिद्धान्तात मी माती थोडी दूरवरची घेतली.

सर्वांत मोठा शोध भाद्रपदातला. आनी जेवताना पानातला एक घास बाजूला काढून ठेवू लागली. "हा रुपीचा," ती म्हणे. रुपी कोण, असे विचारल्यावर ती सांगे की रुपी डाव्या हाताने जेवते, रुपीच्या घरी बकरी आहे, रुपी पडली तरी रडत नाही. मला सर्व उलगडले. ज्या मुलाला सवंगडी नसतात ते मनात एक सवंगडी घडवते, असे विलायती मानसशास्त्रात मी वाचले होते. कोकिळा कढी वाढत होती. तिच्या हातातली पळी थांबली. मी तिला या काल्पनिक सखीचे स्वरूप समजावून सांगितले. ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. तिला गहिवर आला असे मला वाटले, आणि बाहेरूनच मी म्हणालो की काळजी करू नये, ही अवस्था वयाबरोबर जाते.

दसरा झाला आणि ब्लॉकचे नवे अधिकारी किसनराव घरी आले. वाशीमकडून नुकतेच बदलून आले होते. गावातल्या कोणत्या विषयावर गप्प राहायचे ते त्यांना अजून कोणी शिकवले नव्हते. बालवाडीचा समारंभ आहे, आयाबाया जमतील, "मूल बालवाडीत केव्हा घालावे" या विषयावर आपण दोन शब्द बोलावे, असे ते म्हणाले. समारंभ दुपारी चारचा; मौनाची आडकाठी नव्हती. नागपूर सोडल्यानंतर मला व्यासपीठावर बोलावणारा हा पहिला माणूस. मी अर्धा मिनिट विचार केल्यासारखे केले.

"कायले जाता?" ते गेल्यावर कोकिळा म्हणाली. "तुमच्या घशाले बरं नाही."

"माझा घसा तीन महिने रोज अर्धा दिवस विश्रांती घेतो आहे. तो इतका बरा कधीच नव्हता."

"बायांइले समजनार नाही तुमचं."

"मी सोपे करून सांगीन."

तिने हात टेकले. त्या दिवशी ती आनीला घेऊन माझ्या आधीच निघून गेली. व्रताची वेळ सकाळची असता ती दुपारी कोठे गेली, हा प्रश्न एखाद्या सामान्य बुद्धीच्या माणसाला पडला असता.

जिनिंगच्या मागची ती खोली सरकीच्या वासाने भरलेली होती. पुढे मुले सतरंजीवर बसली होती, मागे आया. मी खाली पाहिले नाही. व्याख्यात्याने दूरच्या भिंतीकडे पाहावे असा माझा नियम आहे. पाच वर्षांच्या आत मूल घराबाहेर पाठवणे कसे घातक आहे, हे मी बालवाडीच्या समारंभात बालवाडीच्या खोलीत उभा राहून सांगू लागलो. बेबीताई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहत होत्या की विहिरीच्या काठावर झोपेत चालणाऱ्या माणसाला हाक मारावी की मारू नये, हे जणू त्यांना ठरवता येत नव्हते. मी तो आदर मानला.

"एक उदाहरण देतो," मी म्हणालो. "माझ्या निरीक्षणातली एक बालिका आहे. समाजात जाण्यास ती अद्याप सिद्ध नाही. म्हणून तिने मनातल्या मनात रुपी नावाची एक सखी निर्माण केली आहे. ही रुपी डाव्या हाताने जेवते."

मागे कोणीतरी खोकले. मग बरेच जण खोकले.

"हिच्या घरी म्हणे एक बकरी आहे."

"दोन हायेत," मागून एक म्हातारा आवाज आला.

मी चष्मा सावरून पाहिले. तांड्यावरची भुरीबाई भिंतीला टेकून बसली होती. हातभर बलोयांचा, म्हणजे तांड्यावरच्या जाड बांगड्यांचा, आवाज करत तिने पुढे बोट केले. "पंडतजी, बकऱ्या दोन हायेत. एक गाभन हाय. रुपी, उभी राह्य व. दिस जरा पंडतजीले."

सतरंजीवरून आरशांचा घागरा घातलेली एक चिमुरडी उभी राहिली. तिचा डावा हात दुसऱ्या एका मुलीच्या हातात होता, म्हणून तीही उभी राहिली. तिच्या नाकावर रंग लागला होता आणि केसांना तेल नव्हते. मी तिला ओळखायला जरा वेळ घेतला, कारण ती हसत होती.

प्रत्यक्ष समोर येऊन उभे राहिले असता अनुमानाने काय करावे, याबद्दल दर्शनकारांत मतभेद नाही. अनुमानाने खाली बसावे.

"तात, बसा ना," आनी म्हणाली. "आता आमचं गानं हाय."

मी बसलो. त्यांनी गाणे म्हटले. त्यातली एक ओळ मराठी होती, एक तांड्याची, आणि एक नुसताच आवाज होता. तो सर्वांत मोठ्याने म्हटला गेला. मागच्या बायकांत कोकिळा पदर डोक्यावरून पुढे ओढून बसली होती. हसणाऱ्यांत ती नव्हती.

आम्ही घरी आलो. मी रागावलो की ओरडत नाही. शांतपणे संस्कृत बोलू लागतो. त्या संध्याकाळी मी पुष्कळ संस्कृत बोललो. कोकिळेने ते थांबेपर्यंत वाट पाहिली.

"नेम होता," ती म्हणाली.

"बालवाडीत पोहोचवणे हा नेम?"

"सुपारी ठेवून घेतला. असा नेम घेऊ नये म्हनून कोन्या पोथीत लिहिलं असन त दाखवा."

मी त्या रात्री पाहिले. लिहिलेले नाही.

"आणि आई, तुलाही हे ठाऊक होते?"

"साऱ्या गावाले मालूम होतं," आई म्हणाली. "तुले कोन सांगन? तू बोलतच नव्हता."

कोकिळा माझ्यासमोर जमिनीवर बसली. "कार्तिकी एकादशीले नेम सरते," ती म्हणाली. "तोवर मी तिले नेनार. मंग तुमी सांगा. नाही म्हनान त घरी ठेवीन, आन पुन्हा इचारनार नाही. पन त्या लगोरीपाशी कशी उभी होती ते मी पाह्यलं हाय. तुमी नाही पाह्यलं. तुमी पोथी पाहून सांगू नका, तिले पाहून सांगा." ती उठून गेली.

पाहून सांगायचे, तर पाहणे आले. माझा नेम मौनाचा होता, बंद दाराचा नव्हता. हा अर्थ मीच लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी-लेखणी घेऊन बालवाडीच्या खिडकीशी परीक्षक म्हणून उभा राहिलो. पाटी यासाठी की आवश्यक त्या सूचना लिहून देता याव्यात. पहिली सूचना मी शकुबाईला दाखवली. तिने पाटी उलटसुलट करून पाहिली. "मले वाचता येत नाही, बापा," ती म्हणाली. "बाहीर कायले उभे? आत या. या पोराले धरा जरा, मी पानी घेऊन येतो." आणि तिने नाक वाहणारे एक पोर माझ्या मांडीवर ठेवले. नकार देण्यासाठी तोंड लागते. शकुबाई परत आली तेव्हा पोर माझ्या उपरण्यात नाक पुसून झोपले होते आणि पाटी दुसऱ्या कोणी नेऊन तिच्यावर बैल काढला होता.

मी रोज जाऊ लागलो. मुलांना मी पसंत पडलो, हे नम्रपणे सांगतो. न बोलणारे मोठे माणूस त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते. मी कोणाला नाव विचारत नसे, शाबास म्हणत नसे, हे काय आणि ते काय असे विचारत नसे. माझ्या खांद्यावर पाय देऊन खिडकीत चढता येते, असा शोध लागला. माझी शेंडी एका मुलाने ताब्यात घेतली. आयुष्यभर बोलून जी लोकप्रियता मिळाली नाही ती गप्प बसल्याबरोबर मिळाली, याचा जो अर्थ निघतो तो मी काढलेला आहे. इथे विस्तार करत नाही.

आनी मला फारशी ओळख देत नसे. एका सकाळी तिचे आणि रुपीचे भांडण झाले. मातीचे एक जाते होते. आनीने केले होते आणि रुपीला ते हवे होते. रुपीने ओढले, जाते मोडले. आनी रडत माझ्याकडे आली आणि माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. न्याय उघड तिच्या बाजूने होता. मालकी, हानी, हेतू यांवर माझ्याजवळ तीन वाक्ये तयार होती, आणि मौन सुटायला अजून बराच अवकाश होता. तिने वाट पाहिली. मग तिने माझ्या उपरण्याला डोळे पुसले, परत गेली, आणि मोडलेल्या जात्याचा एक तुकडा रुपीला दिला, एक आपण घेतला. थोड्या वेळाने दोघी त्या दोन तुकड्यांनी काहीतरी कुटत होत्या. मी बोललो असतो तर तिला न्याय मिळाला असता आणि मैत्रीण गेली असती. ही घटना माझ्या एकाही निकषात बसत नव्हती. मी ती बसवण्याचा काही दिवस प्रयत्न केला.

कार्तिकी एकादशी झाली. द्वादशीला कोकिळेने उद्यापन केले, सुपारी उचलली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सकाळ होती आणि चार महिन्यांनी मी सकाळी बोलू शकत होतो. आई खांबाला टेकून बसली होती. आनी उंबऱ्यावर परकराची नाडी तोंडात धरून होती.

"आता सांगा," कोकिळा म्हणाली.

मी घसा साफ केला. "प्रथम पूर्वपक्ष पाहू," मी म्हणालो. "चौथ्या वर्षी बालकाची वाणी अस्थिर असते, असे जे म्हटले जाते..."

"आनी, ओ आनी," फाटकातून शकुबाईची हाक आली.

आनी उठली आणि गेली. पळत गेली. पूर्वपक्षाचे पहिले वाक्यही पूर्ण झाले नव्हते. फाटकाशी पोरांचा घोळका होता, त्यात ती मिसळली आणि तिने मागे वळून पाहिले नाही.

कोकिळेचा चेहरा उतरला. सबंध चातुर्मासात मी तिला भ्यालेली पाहिली ती एवढीच. "बोलावू काय मांगं?" तिने विचारले.

"नको," मी म्हणालो. "सिद्धान्त तिच्याच बाजूने होता."

"म्हंजे जाऊ द्याचं?"

"जाऊ द्यायचं."

"मंग सरळ सांगाचं ना." ती स्वयंपाकघरात गेली.

दुपारी आनी परतली. हातपाय धुऊन पानावर बसली. मी तिच्या शेजारी पाट घेतला.

"आज काय शिकलीस?"

"शिकलो नाही. खेळलो."

"काय खेळलात?"

ती जेवत होती. घास गिळून झाल्यावर म्हणाली, "तुमाले नाही समजनार."

हे वाक्य मी आजवर अनेकांना ऐकवले आहे. माझ्या वाट्याला ते प्रथमच आले. "सांगून तर पाहा," मी म्हणालो. "मी प्रयत्न करीन."

तिने माझ्याकडे नीट पाहिले. माणूस शिकवण्याजोगा झाला आहे की नाही हे ठरवताना पाहतात तसे. घाई केली नाही.

"रुपीले इचारून सांगतो," ती म्हणाली आणि भाताकडे वळली.

प्रकरण अद्याप विचाराधीन आहे.